जामीन मिळाला, तरी पोरगा आतच का?

प्रश्न : मॅडम, आमच्या शेजारच्या मावशींचा मुलगा मोटारसायकल चोरीच्या आरोपात पकडला गेला. आधीची एकही केस नाही. जामीन मंजूर होऊन दोन महिने झाले, पण पंधरा हजारांचा जामीनदार मिळेना म्हणून तो आतच आहे. वकील म्हणतात, स्थानिक माणूस आणा. मावशी इथे भाड्याने राहतात, शेत दुसऱ्या जिल्ह्यात. तुम्ही कॉलेजात ‘शिक्षा आणि समाज’ शिकवता. गुन्हा सिद्ध नाही, मग ही शिक्षा कसली?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : वीस वर्षांपूर्वी मी म्हटलं असतं, ही शिक्षाच नाही. तेव्हा पहिल्या तासाला दंड संहितेचं कलम ५३ फळ्यावर लिहायचे : फाशी, जन्मठेप, कैद, मालमत्ता जप्ती, दंड. झाली यादी.

मग अभ्यासासाठी एका तालुक्याच्या कोर्टात वही घेऊन बसायला लागले. बीडकडचा एक ऊसतोड कामगार होता, किरकोळ चोरीचा आरोप. भाऊ गावाहून सातबारा घेऊन आला. ‘हा इथला नाही,’ म्हणून त्याला परत पाठवलं. मुकादमाने हात वर केले. हंगाम संपला, टोळी गावी गेली, हा आतच. माझ्या वहीत त्याच्या नावापुढे नुसत्या तारखा आहेत.

आता मी वर्गाला पहिल्याच आठवड्यात काम देते : याच जिल्ह्यात स्वतःच्या नावावर सातबारा किंवा घरपट्टी असलेला, नात्यातला नसलेला आणि तुमच्यासाठी जामीन राहायला तयार असलेला माणूस शोधून आणा. गावातली मुलं हसतात, होस्टेलची गप्प होतात. एका मुलीने मेसवाल्या काकांना गाठलं. ते म्हणाले, ‘पोरी, राहिलो असतो गं, पण सगळं बायकोच्या नावावर आहे.’

हीच अडचण १९७८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आली होती. मध्य प्रदेशातला मोतीराम हा गवंडी. खालच्या कोर्टाने दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून तो नाकारला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याला हजाराच्या जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्याच हमीवर, सोडायला सांगितलं. एखादा मल्याळी किंवा तमिळ माणूस बस्तरमध्ये पकडला गेला, तर तिथला जामीनदार आणणार कुठून, असा त्यांचा सवाल होता. निकाल जुना आहे, पण कोर्टाच्या कट्ट्यावर ‘स्थानिक आणा’ अजून ऐकू येतं. मला याचा राग येतो, तो वर्गात लपवायचं मी सोडून दिलंय.

तेव्हा मावशींनी दुसऱ्याच्या सातबाऱ्यामागे धावू नये. ३१ जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय : जामीन मिळूनही कैदी सात दिवसांत सुटला नाही, तर जेल अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. महिनाभरात जामीनदार उभा राहिला नाही, तर कोर्ट स्वतःहून अट सैल करण्याचा विचार करू शकतं. स्थानिक जामीनदाराचा आग्रह धरू नये, असंही त्यात सुचवलंय. तुमचे दोन महिने झालेत. जातमुचलक्यावर सोडावं किंवा रक्कम कमी करावी, असा अर्ज लगेच द्या. कोठडीतल्या माणसाला या प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. प्राधिकरणाचा फोन १५१००.

कोणी सांगेल, पहिलाच गुन्हा आहे, नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे कमाल शिक्षेची एक तृतीयांश मुदत भरली की सुटेल. खरं आहे. पण चोरीला कमाल तीन वर्षं, म्हणजे वर्षभर थांबायचं. कशाला?

आता तुमचा मूळ प्रश्न. दोषी ठरला, तर आत काढलेले दिवस शिक्षेतून वजा होतात. निर्दोष सुटला, तर ते कशातूनच वजा होत नाहीत. २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत दर शंभरांत साधारण ७६ जण असे कच्चे कैदीच, म्हणजे खटला अजून न संपलेले, होते. म्हणून फळ्यावर जुन्या दंड संहितेच्या कलम ५३ ची यादी लिहून झाली, की मी खाली एक ओळ मोकळी सोडते. ती भरायची मुलांनी.

अर्जाला जामिनाच्या आदेशाची प्रत जोडा. आणि मावशी मुलाखतीला जातील, तेव्हा त्यांना जेलमध्ये विचारायला सांगा : प्राधिकरणाला पत्र गेलं का, आणि गेलं असेल तर कुठल्या तारखेला?