वही परत द्या, मग कोर्सचं बोलू

ताई,

तुमचं पत्र चार पानी आहे. त्यातलं दीड पान टक्क्यांवर आणि एक पान इंजिनिअरिंगच्या प्रवेशावर गेलंय. मुलगी सतरा वर्षांची, ९१ टक्के, गणित उत्तम. पण ती म्हणते मला मानसशास्त्र घ्यायचंय, कारण मी कादंबरी लिहितेय आणि तिचा नायक ओसीडी (नको तो विचार सारखा येणं आणि हात धुण्यासारखी एखादी कृती पुन्हा पुन्हा करावी लागणं, हा मानसिक आजार) असलेला सोळा वर्षांचा मुलगा आहे. तिच्या बाबांनी ती कादंबरीची वही वाचली आणि कपाटात कुलूप लावून ठेवली. त्यांचं म्हणणं असं की असलं वाचून-लिहून पोरांच्या डोक्यात नको ते शिरतं, आणि उद्या स्वतःच्या नावानं छापलं तर हिला नोकरी कोण देणार? तिचं मन कसं वळवावं, हा तुमचा प्रश्न.

तिसऱ्या पानाच्या तळाशी तुम्ही एक ओळ जाता जाता लिहिली आहे : "हल्ली तिचे हात फार सोलवटतात, पेरांना चिरा पडल्यात, हवेमुळे असेल."

माझं वाचन तिथेच थांबलं. नायकाला ओसीडी आणि लिहिणारीच्या हातांना चिरा. कदाचित खरंच हवा असेल. कदाचित तिला एखादी मैत्रीण असेल, तिचं पाहून ही लिहीत असेल. लेखक आपल्या नायकाचा आजार अंगावर घेऊन फिरतोच असं नाही, आणि पत्र वाचून निदान कुणी करू नये. मी तर डॉक्टरही नाही. पण सतरा वर्षांच्या मुलीनं एवढी पानं भरली, बाबांनी ती वाचली, आणि तिला कुणी "हात दुखतात का गं?" एवढंही विचारलं नाही, याचं मला फार वाईट वाटलं. तुम्ही दोघांनी विचार केला तो नोकरीचा.

म्हणून मी तिचं मन वळवण्याचा उपाय सांगणार नाही. आज संध्याकाळी कुलूप काढा आणि वही तिच्या हातात द्या. न विचारता वाचली याबद्दल बाबांनी स्वतः माफी मागावी. ते जमणार नसेल तर तुम्ही मागा. "ही तुझीच गोष्ट आहे का?" असा जाब मात्र विचारू नका. त्या प्रश्नाला ती नाहीच म्हणेल आणि पुढे काही सांगणार नाही. हातांबद्दल विचारा. किती वेळा धुवावेसे वाटतात? धुतल्यावर पुरेसं झालं असं वाटतं का? आणि नाही धुतले तर काय होईल असं मनात येतं? तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण ओसीडी म्हणजे टापटिपीची आवड नव्हे. नको असलेला विचार पुन्हा पुन्हा येतो, त्यानं जीव घाबरा होतो आणि तो शांत करायला एखादी कृती करावीच लागते. जुनी माणसं याला मंत्रचळ म्हणायची. दिवसाचा तासभर किंवा त्याहून जास्त वेळ त्यात जात असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायलाच हवं.

अजून एक. "आई, नीट धुतले गेले ना?" असं ती दहादा विचारत असेल आणि तुम्ही दहादा "हो गं बाई" म्हणत असाल, तर तुमच्या मायेनं तिला घटकाभर बरं वाटतं आणि धुण्याची ओढ आणखी पक्की होते. यावर नेमकी उपचारपद्धती आहे : भीतीला हळूहळू सामोरं जायचं आणि ती कृती करायची नाही, हे तज्ज्ञांच्या सोबतीनं शिकवतात. गरज पडली तर औषधंही असतात. त्यांचा पुरता परिणाम कळायला आठ ते बारा आठवडे लागू शकतात, तेव्हा पंधरा दिवसांत धीर सोडू नका.

आता बाबांचा समज. ती भीती हवेतून आलेली नाही. १७७४ मध्ये जर्मन लेखक गटे यांची 'वेर्थर' ही कादंबरी आली, तिच्या नायकाचं अनुकरण करून तरुण आत्महत्या करतात अशी धास्ती पसरली आणि काही ठिकाणी पुस्तकावर बंदी आली. पुढे १९७४ मध्ये समाजशास्त्रज्ञ डेव्हिड फिलिप्स यांनी अशा अनुकरणाला 'वेर्थर परिणाम' हे नावच दिलं. पण गोष्ट तिथे संपत नाही. २०१० मध्ये ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी दुसरी बाजू मांडली : संकटात सापडलेला माणूस त्यातून कसा सावरला याच्या बातम्या येतात तेव्हा त्या जीव वाचवायला मदत करू शकतात. संगीतकार मोझार्टच्या ऑपेरातला, म्हणजे संगीत नाटकातला, पापागेनो जीव द्यायला निघतो आणि तीन मुलं त्याला दुसरी वाट दाखवतात, म्हणून याचं नाव 'पापागेनो परिणाम'. म्हणजे घातक काय, तर मरणाच्या पद्धतीचं बारीक वर्णन आणि मरणाला चढवलेला मोठेपणा. आजाराबद्दल बोलणं घातक नाही. उलट आपल्या मनात चाललंय त्याला नाव आहे आणि उपचारही आहेत, हे कित्येक मुलांना पहिल्यांदा गोष्टीतूनच कळतं. कुलूपबंद कपाटातून ते कधीच कळणार नाही.

बाबांना एक पुस्तक सुचवते, कारण ते एका बापाचं आहे. नील शस्टरमन यांचं 'चॅलेंजर डीप'. त्यांच्या मुलाच्या मानसिक आजाराच्या अनुभवातून ही किशोरांसाठीची कादंबरी उभी राहिली, आतली चित्रं त्या मुलाचीच आहेत. २०१५ मध्ये तिला अमेरिकेचं नॅशनल बुक अवॉर्ड मिळालं. बापानं मुलाच्या आजारपणातले कागद लपवले नाहीत, त्याच्यासोबत बसून ते जगापुढे ठेवले.

नावानं छापायचं की टोपणनावानं, हे तिचं तिला ठरवू द्या. त्याला अजून बराच अवकाश आहे.

कोर्सचं थोडक्यात : मानसशास्त्राची पदवी, मग पदव्युत्तर शिक्षण आणि देखरेखीखालचं प्रशिक्षण केलं तर चिकित्सा मानसशास्त्रज्ञ होता येतं, मानसोपचारतज्ज्ञ व्हायचं तर आधी डॉक्टर व्हावं लागतं. कादंबरी लिहायला यातलं काहीच बंधनकारक नाही, हे तिलाही सांगा. नुसत्या कादंबरीसाठी पदवी निवडत असेल तर ते कारण मला अपुरं वाटतं. तिला माणसांवर उपचार करायचेत की माणसांबद्दल लिहायचंय, या दोन वेगळ्या वाटा आहेत. लिहायचंच असेल तर आजार भोगलेल्या माणसांचं ऐकावं, आणि मित्राचं प्रेम लाभलं नि शेवटच्या प्रकरणात नायक खडखडीत बरा झाला, असलं खोटं लिहू नये. बरं होणं म्हणजे चांगले आठवडे, वाईट आठवडे, चुकलेली गोळी, पुन्हा डॉक्टरकडे जाणं. ते लिहिता आलं तर ती खरंच चांगलं लिहितेय. आणि इंजिनिअरिंग? तिनं नको म्हटलंय, गणित चांगलं असूनही. विषय संपला.

पुढचं पत्र तिला लिहू द्या. नाही लिहिलं तरी चालेल. डॉक्टरकडे मात्र या आठवड्यातच जा. फक्त कातडीसाठी जायला ती तयार असेल तर आधी त्वचारोगतज्ज्ञांकडे न्या, पण मलम घेऊन परतू नका. दिवसातून किती वेळा हात धुते, हे तिथे तिला स्वतःच्या तोंडानं सांगू द्या, आणि ती सांगत असताना मध्ये बोलू नका.