चकचकीत जॉब गुळगुळीत असतोच का?

शिरोली एमआयडीसीतल्या एका मशीनशॉपमधून प्रश्न आला आहे. ग्राइंडिंग मशीनवर जॉबचा, म्हणजे घासल्या जाणाऱ्या भागाचा, रफनेस प्रकाशाने मोजणारा सेन्सर बसणार आहे, ऑपरेटरसाठी सूचना मराठीत हव्यात. तर 'खडबडीतपणा' लिहावं, 'खरखरीतपणा' की 'फिनिश'? आणि 'चकाकी' चालेल का?

'खरखरीतपणा' लिहा. खडबडीत म्हणजे लांबूनही दिसणारा उंचसखलपणा: खड्ड्यांचा रस्ता, वाळूच्या साच्यातून निघालेलं कच्चं कास्टिंग. खरखरीत हे नखाला कळतं, आणि आरए (Ra, पृष्ठावरच्या उंचसखलपणाची सरासरी) मायक्रॉनमध्ये सांगतो ते हेच. 'फिनिश' बोलण्यात राहू द्या, लेखी सूचनेत नको. 'फिनिश वाढव' म्हणजे आरए कमी कर. शब्द वर जातो, आकडा खाली. नवा मुलगा तिथेच फसतो आणि १.६ पेक्षा ३.२ चांगला समजतो.

'चकाकी' मात्र मुळीच नको, कारण घोटाळा शब्दापुरता राहत नाही. हा सेन्सर खाचांची खोली थेट मोजतच नाही. जॉबवर प्रकाशाचा बारीक झोत पडतो, परतणारा प्रकाश किती पसरला ते ओळीने लावलेले फोटोडायोड (प्रकाश टिपणारे छोटे सेन्सर) टिपतात. गुळगुळीत पृष्ठावरून झोत अरुंद परततो, खरखरीतवरून फाकतो. पण हे फाकणं मुख्यतः खाचांच्या उतारावर ठरतं. खोल पण ऐसपैस खाचा प्रकाश कमी फाकवतात, उथळ पण दाट खाचा जास्त. म्हणून आरए सारखाच असलेले दोन शाफ्ट डोळ्यांना वेगवेगळे चकाकू शकतात.

यावर उपाय एकच: त्याच धातूचे, त्याच चाकावर घासलेले काही नमुने सुईच्या यंत्रावर (पृष्ठावरून सुई ओढून खरखरीतपणा मोजणाऱ्या) मोजायचे आणि सेन्सरचे आकडे त्यांच्याशी जुळवायचे. आरए ०.१ ते २ मायक्रॉन असेल तर सुईचा कट-ऑफ (याहून लांब लाटा मोजणीतून गाळतात) ०.८ मिमी आणि मोजणीची लांबी ४ मिमी धरतात. चाकाचा ग्रेड (कडकपणा) बदलला की जुळवणी पुन्हा करावी लागते.

शाफ्टवर ग्राइंडिंगच्या रेषा परिघाने जातात, त्यामुळे प्रकाश अक्षाच्या दिशेने फाकतो. डायोडची ओळ त्याच दिशेने हवी. ती ९० अंश फिरली तर खरखरीत शाफ्टही गुळगुळीत ठरतो. कूलंटचाही असाच त्रास: त्याचा पातळ थर खाचा भरून आकडा कमी दाखवतो, थेंब राहिले तर वाढवतो. कच्च्या कास्टिंगवर प्रकाश सगळीकडेच विखुरतो, तिथे हा सेन्सर लावूच नये.

सूचना अशी लिहिता येईल: 'हवेच्या झोताने कूलंट उडवा. डायोडची ओळ शाफ्टच्या अक्षाला समांतर ठेवा. खरखरीतपणा मर्यादेबाहेर गेला तर चाक ड्रेस करा (त्याचं पृष्ठ घासून पुन्हा धारदार करा). चकाकी पाहून जॉब पास करू नका.'