पत्रा, पाइप आणि पटाशी: परसातल्या कार्यशाळेविषयी तुमचे प्रश्न

कमी खर्चात घरामागे छोटी कार्यशाळा कशी उभारावी, याबद्दल आलेल्या पत्रांपैकी सहा इथे घेतली आहेत. भाव गावागणिक आणि महिन्यागणिक बदलतात, म्हणून उत्तरांत रुपयांऐवजी वजनं आणि मापं दिली आहेत. त्यावर तुमच्या गावचा दर लावून हिशोब करा.

घरामागे 10 बाय 12 फुटांची पत्र्याची शेड बांधायची आहे. फॅब्रिकेशनवाला एकच आकडा सांगतो, त्यात काय काय धरलंय ते कळत नाही. माल किती लागेल? पैसे कुठे वाचवावेत? (गुहागर)

एकरकमी भाव मान्य करू नका. पाइप वजनावर विकला जातो, तेव्हा बोलणंही वजनातच करायचं.

एकपाखी छप्पर धरू. पुढची उंची साडेदहा फूट, मागची आठ. दहा फुटांत अडीच फूट उतार मिळाला, कोकणच्या पावसाला याहून कमी नको. खांब सहा, 50 बाय 50 मिमी चौकोनी पाइपचे, जाडी 2 मिमी. बाजारातला पाइप 6 मीटरचा, म्हणजे वीस फुटांना चार इंच कमी. एका पाइपमधून एक पुढचा आणि एक मागचा खांब निघतो, म्हणजे खांबांना तीन पाइप पुरले. वरच्या तीन तिरक्या तुळयांना आणखी तीन, प्रत्येक तुळई साडेबारा फूट. उरलेल्या सात-सात फुटी तुकड्यांत दाराची चौकट होते. पत्र्याखालच्या पर्लिन, म्हणजे पत्रा ज्यांवर बसतो ते आडवे पाइप, 40 बाय 40 मिमीच्या, पाच नग, तेरा फुटी. त्यातून उरणारे साडेसहा फुटी तुकडे भिंतीचे आडवे म्हणून दोन खांबांमध्ये बरोबर बसतात. उरलेल्या आडव्यांना आणखी चार पाइप. एकूण 50 चे सहा आणि 40 चे नऊ, बेस प्लेट (खांबाखालच्या लोखंडी पाट्या) धरून सुमारे 250 किलो लोखंड.

पाइप उतरवताना एक नग काट्यावर टाका. 50 बाय 50 चा 2 मिमी जाडीचा सहा मीटर पाइप 18 किलोच्या आसपास भरतो. साडेचौदा भरला तर तो 1.6 मिमीचा आहे. एकरकमी भावातली खरी कमाई बहुतेक वेळा इथेच होते.

छपराला रंगीत पत्रा 0.5 मिमीचा घ्या. एक पत्रा जोड सोडून साधारण 1 मीटर झाकतो, म्हणजे चार पत्र्यांत तेरा फूट. बारा फुटांची शेड आणि दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच पागोळी हे गणित चार पत्र्यांत सुटतं. हौसेने शेड तेरा फुटांची केलीत की पाचवा पत्रा आलाच. स्क्रू रबरी वॉशरचे, छपरावर 55 मिमी लांबीचे आणि पन्हळीच्या उंचवट्यावरच, खोलगट भागात नाही, कारण पाणी तिथूनच वाहतं. वॉशर जरासा फुगेपर्यंत आवळा. चेपून बाहेर आला तर दोन उन्हाळ्यांत फाटतो आणि तिथूनच ठिबक सुरू होते. पत्रा ग्राइंडरने कापू देऊ नका. ठिणगीने कडेचा रंग आणि जस्त दोन्ही जळतात आणि पहिल्याच पावसाळ्यात कड तांबडी होते. पत्र्याची कात्री वापरायला सांगा आणि काम संपल्यावर छपरावरचा लोखंडाचा कीस झाडून घ्या.

आता जिथे कंजुषी करायची नाही ती गोष्ट: पाया. 2020 च्या जूनमध्ये निसर्ग वादळाने रायगड-रत्नागिरीतले पत्रे कसे उचलले, हे तुमच्या भागात वेगळं सांगायला नको. वारा सेकंदाला 39 मीटर, म्हणजे ताशी 140 किलोमीटर धरला, तर या 15 चौरस मीटर छपरावर वर उचलणारा जोर ढोबळमानाने 1400 किलोंच्या घरात जातो. लोखंड आणि पत्रे मिळून सगळ्या शेडचं वजन मात्र 400-500 किलोच. बाकीचं वजन काँक्रीटने द्यायचं. प्रत्येक खांबाखाली दीड बाय दीड फूट, दोन फूट खोल खड्डा काँक्रीटने भरला की एक पाया 300 किलोंच्या पुढे जातो आणि सहांचे मिळून 1800 किलो होतात. त्यात 12 मिमीचे चार बोल्ट सोडा आणि खांब बेस प्लेटवर उभा करा. खांबच काँक्रीटमध्ये गाडला तर जमिनीलगत पाणी साचून तिथेच गंजतो. पाइपची वरची तोंडं पत्र्याच्या तुकड्यांनी वेल्ड करून बंद करा, नाहीतर पावसाचं पाणी आत साठून पाइप आतून सडतो.

जमीन: मुरूम ठोकून त्यावर दगडांचं सोलिंग, जाड प्लास्टिक आणि वर 4 इंच काँक्रीट, 1:2:4 (एक भाग सिमेंट, दोन वाळू, चार खडी). एवढ्या जागेला सिमेंटच्या साडेसात गोण्या, 18 घनफूट वाळू आणि 35 घनफूट खडी. पायांचं काँक्रीट वेगळं, त्याला पाचेक गोण्या. प्लास्टिक गाळून पैसे वाचवलेत तर ओल वर येते आणि जमिनीवर ठेवलेलं लाकूड खालून काळं पडतं. पाणी मारणं साध्या सिमेंटला सात दिवस, पोझोलाना (राख मिसळलेल्या, पीपीसी) सिमेंटला दहा.

वाचवायचं कुठे? दार-खिडक्या जुन्या घ्या, भिंतीचे पत्रेही जुने चालतील. टाइल्स नकोत. खालचे दोन-तीन थर चिऱ्याचे बांधा, म्हणजे जमिनीवरून उडणाऱ्या पाण्याने पत्र्याची खालची कड कुजणार नाही.

कार्यशाळा घरापासून 30 मीटरवर आहे. घरातल्या प्लगमधून एक्स्टेन्शन वायर ओढली आहे. करवत सुरू केली की घुरघुरते, दिवे मंद होतात. आरसीसीबीही (जाणारा आणि परत येणारा करंट सारखा नसला की वीज तोडणारा स्विच) वारंवार पडते, म्हणून वायरमन ती काढून टाकू म्हणतो. (सातारा)

वायरमनला थांबवा. आधी घुरघुर पाहू.

बाजारातल्या साध्या एक्स्टेन्शनची तार बहुतेक वेळा 0.75 चौरस मिमीची असते. 30 मीटर जाऊन 30 मीटर परत, अशा 60 मीटर तारेत 10 अँपिअरला सुमारे 16 व्होल्ट वाटेतच खर्च होतात. सुरू होण्याच्या क्षणी मोटर याच्या कितीतरी पट करंट खेचते, तेव्हा तर बोलायलाच नको. हेच अंतर 4 चौरस मिमी तांब्याच्या तारेने कापलं तर पूर्ण 16 अँपिअरलाही घट साडेचार व्होल्टच्या आत राहते. घरातल्या मुख्य बोर्डापासून कार्यशाळेसाठी स्वतंत्र सर्किट काढा. आर्मर्ड (धातूचं कवच असलेली) केबल नसेल तर तारा जाड पाइपमधून, दीड-दोन फूट खोल आणि वर विटांचा थर, म्हणजे उद्या कुदळ लागली तर आधी वीट फुटेल. तोवर जुनी वायर वापरायचीच असेल तर पूर्ण उलगडून वापरा. गुंडाळी तशीच ठेवली तर आतल्या आत तापून वितळते.

आरसीसीबी विनाकारण पडत नाही. सगळे प्लग काढा आणि ती वर करा. तरी पडली तर दोष वायरिंगमध्ये आहे. वर राहिली तर एकेक यंत्र लावत जा, ज्याला पडेल ते यंत्र बाजूला काढा. पावसाळ्यात ओलावा धरलेला जुना ग्राइंडर हा नेहमीचा आरोपी.

वायरिंगमध्ये दोन चुका वारंवार दिसतात. एक, कार्यशाळेचा न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी तार, बोर्डात दुसऱ्या सर्किटच्या न्यूट्रलपट्टीवर जोडलेला असतो. जाणारा करंट एका वाटेने आणि येणारा दुसऱ्या वाटेने, मग ती पडणारच. दुसरी चूक जिवावर बेतणारी: अर्थिंगची तार ओढायचा कंटाळा म्हणून सॉकेटमध्ये न्यूट्रलचाच तुकडा अर्थच्या पिनला जोडलेला असतो. न्यूट्रल कुठे तुटला की यंत्राच्या धातूच्या अंगात थेट 230 व्होल्ट येतात. प्रत्येक सॉकेट उघडून पाहा.

'एमसीबी आहे की' असं वायरमन म्हणेल. एमसीबी म्हणजे जास्त करंट गेला की पडणारा स्विच. अर्थिंगचा रोध 10 ओहम धरा. यंत्राच्या अंगात वीज उतरली तर अर्थमधून 23 अँपिअर जातील. 16 अँपिअरची एमसीबी एवढ्यावर पडायला तासभरही लावू शकते, कारण 'सी' प्रकारातली ही एमसीबी झटक्यात पडायला 80 ते 160 अँपिअर लागतात. 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी मात्र क्षणात तोडते. महिन्यातून एकदा तिचं टेस्टचं बटण दाबून पाहा. दिव्यांचं सर्किट वेगळं ठेवा, म्हणजे करवत चालू असताना ट्रिप झाली तरी फिरतं पातं हाताशी असताना अंधार होणार नाही.

कामाचं टेबल तयार घ्यावं की बनवावं? प्लाय चालेल का? (सांगली)

बनवा, आणि प्लायच घ्या. 8 बाय 4 चा 18 मिमीचा एक ताव उभा कापून 8 बाय 2 फुटांचे दोन तुकडे करा आणि एकमेकांवर चिकटवा. दीड इंच जाडीचा, आठ फुटी पृष्ठभाग तयार, कचरा शून्य. पांढरा गोंद अर्धा किलो आणा, दाते असलेल्या पट्टीने सगळीकडे सारखा पसरवा. खालच्या बाजूने दर आठ इंचांवर 32 मिमीचा स्क्रू मारा. दोन थर मिळून 36 मिमी होतात, तेव्हा टोक वर येणार नाही. चिकटवताना ताव सपाट जमिनीवर ठेवा. पीळ घेऊन चिकटला तर तो पीळ कायमचा. प्लाय साधा एमआर (फक्त दमटपणा सोसणारा) नको, बीडब्ल्यूआर (पाणी सोसणारा) घ्या. मरीनची गरज नाही. वर 3 मिमीचा हार्डबोर्ड फक्त स्क्रूने बसवा, खराब झाला की बदलता येतो.

उंची: सरळ उभं राहून हात खाली सोडा, मनगटाचं हाड जिथे येतं तिथपर्यंत. रंध्याचं काम जास्त असेल तर आणखी दोन बोटं खाली. टेबल वजनाला कमी पडत नाही, हलतं ते आडव्या झोक्याने. पायांच्या मागे प्लायचं एक अख्खं पाठफळ ठोका, झोका जागीच थांबतो. व्हाइस (काम पकडून ठेवणारा शिकंजा) नेहमी पायाच्या डोक्यावर बसवा. मध्ये बसवलात तर प्रत्येक ठोक्याला फळी उसळते.

पायांना जुनं सागवान मिळालं तर उत्तम. जुनी घरं पाडणाऱ्यांकडे आणि पुण्याच्या जुन्या बाजारात चौकटी मिळतात. रंधा लावण्याआधी लोहचुंबक फिरवा, आत मोडलेले खिळे असतातच.

4 इंची ग्राइंडरला लाकूड कापायचं दातेरी पातं मिळतं. ते लावलं तर करवतीचे पैसे वाचतील का? (ठाणे)

नाही. ग्राइंडर मिनिटाला अकरा हजारांच्या आसपास फेरे मारतो, त्याला लाकडावर टेकायला तळ नाही, आणि दात लाकडात अडकला की यंत्र उसळून मांडीवर किंवा तोंडावर येतं. पातं मोठं म्हणून कुणी गार्ड काढून बसवतात, ते तर डोळे उघडे ठेवून केलेला अपघात. लाकडासाठी सध्या हातकरवत घ्या आणि पैसे जमले की 7 इंची गोल करवत. ग्राइंडर लोखंडासाठीच ठेवा. त्याची कटिंग चकती घेताना मधल्या धातूच्या कड्यावरचा मुदत संपण्याचा महिना आणि साल वाचा, रेझिनची चकती तीन वर्षांनंतर वापरायची नसते. दुकानदार जुन्या चकत्या 'सेल'मध्ये काढतात, त्या स्वस्त का हे आता कळलं असेल.

पावसाळ्यात पटाश्या, रंध्याची पाती आणि कानशी गंजतात. तेल लावलं तरी चिकट होऊन धूळ धरते. (मालवण)

चिकटतंय म्हणजे स्वयंपाकघरातलं गोडेतेल लावताय. ते हवेने घट्ट होतं. शिलाई मशीनचं तेल वापरा, तेही फडक्यावर दोन थेंब घेऊन, धार पुसल्यासारखं. कानशीला तेल नको, दाते तुंबतात आणि कानस घसरते. ती तारेच्या ब्रशने झाडून कोरड्या कापडात गुंडाळा. घामाचा हात लागलेलं हत्यार तसंच ठेवलं तर समुद्राच्या हवेत दुसऱ्या दिवशी बोटांचे ठसे तांबडे उमटतात, म्हणून पुसल्याशिवाय ठेवायचं नाही.

गंज चढलाच असेल तर एक लिटर पाण्यात 50 ग्रॅम लिंबूफूल, रात्रभर भिजवा, सकाळी तारेच्या ब्रशने घासा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुचकळा, लगेच उन्हात किंवा तव्यावर कोमट करून कोरडं करा आणि तेल. दोन दिवस विसरलात तर पोलाद खरवडल्यासारखं होतं. आणि वर पाहा: पहाटे पत्र्याच्या आतून थेंब पडत असतील तर कितीही तेल लावा. पत्र्याखाली 10 मिमीचा चंदेरी फोम लावून पागोळीखाली हवा खेळायला फट ठेवल्याशिवाय ते थांबणार नाही.

मे महिन्यात शेडमध्ये उभं राहवत नाही. कूलर लावू का? चुना मारला तर? (नागपूर)

कूलर माणसाला बरा, लाकडाला वाईट. दमट हवेत फुगलेली फळी जोडाल आणि ती कोरड्या खोलीत गेली की आकसून सांधा उघडेल. चुना सिमेंटच्या पत्र्यावर चालतो. लोखंडी पत्र्यावर नको, ओला चुना जस्त खातो. तिथे पांढरा अॅक्रिलिक रूफ पेंट, दोन हात, पत्रा धुऊन वाळल्यावर. वरच्या बाजूला गरम हवा निघायला जाळी आणि समोरच्या भिंतीत खाली तेवढीच दुसरी जाळी द्या. गोंदाचं काम सकाळी नऊच्या आत उरका, दुपारी तो फळीवर पसरेपर्यंतच साय धरतो.