एआयने तयार केलेले घटस्फोटाचे कागद दाखल करण्याआधी

तुमचा प्रश्न वाचला. दोघांचं सगळ्यावर एकमत आहे, भांडण नाही, चॅटबॉटने एका संध्याकाळी अर्ज, प्रतिज्ञापत्र आणि तडजोडनामा करून दिला, मग वकिलावर खर्च कशाला, असं तुम्ही विचारलंय. सोबत मसुद्यातलं एक वाक्य दिलंय: ‘उभय पक्षांचे निवृत्तीनिधी समप्रमाणात वाटून घेतले जातील.’ त्या वाक्यामुळेच मी उत्तर लिहायला बसले. जवळजवळ याच शब्दांत ते माझ्या तडजोडनाम्यात होतं.

आधीच सांगते, मी वकील नाही. घटस्फोटाचे कायदे देशागणिक वेगळे, काही ठिकाणी तर राज्यागणिक. त्यामुळे मी लिहिते त्यातलं तुम्हाला काय लागू पडतं ते तुमच्याकडच्या वकिलाला विचारूनच ठरवा. अर्ज कुठे करायचा, कोणते दाखले जोडायचे हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालते.

एआय आणि कोर्ट म्हटलं की लोक एआयने रचलेल्या खोट्या निवाड्यांबद्दल बोलतात, आणि ते खरंही आहे. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली वकिलांना अस्तित्वातच नसलेले निवाडे दिल्याबद्दल ५,००० डॉलर दंड झाला. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात २०२४ मध्ये एका विभक्त जोडप्याच्या मुलांच्या प्रवासावरून चाललेल्या प्रकरणात तसंच घडलं. सगळ्यात अस्वस्थ करणारं प्रकरण अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातलं, २०२५ चं. ते घटस्फोटाचंच होतं आणि तिथे खालच्या कोर्टाच्या आदेशातच बनावट निवाडे उतरले होते. अपील कोर्टाने तो आदेश रद्द केला. पण तुमच्यासारख्या संमतीच्या अर्जात निवाडे फारसे लागत नाहीत. तुमचा धोका वेगळा आहे आणि तो कोर्टात दिसतही नाही. तो आदेश मिळाल्यानंतर दिसतो.

माझे कागद पैसे घेऊन अर्ज तयार करून देणाऱ्या एका कार्यालयाने केले होते. नाव लिहीत नाही. ‘तज्ज्ञांकडून तपासणी’ हे शब्द त्यांच्या पावतीवरसुद्धा होते. मसुदा एआयने लिहिलाय हे त्यांनी सांगितलं नाही, ते मला फार उशिरा कळलं. भाषा इतकी भारदस्त होती की शंका यायला जागाच नव्हती. कोर्टाने दोघांना विचारलं, संमती आहे ना? दोघं हो म्हणालो. आदेश झाला.

मग तो आदेश घेऊन निवृत्तीनिधीच्या कचेरीत गेले तेव्हा खिडकीमागच्या माणसाने तो वाचला आणि परत दिला. समप्रमाणात म्हणजे कोणत्या तारखेच्या शिलकीचे? वेगळे झालो त्या दिवशीच्या, अर्ज केला त्या दिवशीच्या, की आदेशाच्या दिवसाच्या? कोणतं खातं? कर कुणी भरायचा? सदस्याचा मृत्यू झाला तर काय? आणि निधीने काय करायचं असा आदेश यात कुठे आहे? त्याचं एकही म्हणणं चुकीचं नव्हतं. समोरच्या टेबलावरच्या माणसाला तुमचं ठरलंय काय हे माहीत नसतं, त्याला कागदावर लिहिलेलं असतं तेवढंच दिसतं.

दुरुस्तीसाठी पुन्हा कोर्ट, आणि तिथे पुन्हा दोघांच्या सह्या. घटस्फोटाआधी जो माणूस ‘तू म्हणशील तिथे सही करतो’ म्हणत होता, त्याला नंतर घाई उरलेली नव्हती. मी त्याला दोष देत नाही, त्याचं आयुष्य पुढे गेलं होतं. पण दुरुस्ती होईपर्यंत खात्यातली बरीचशी रक्कम काढलेली होती आणि ‘कोणत्या तारखेची’ याचं उत्तर कागदात नव्हतं. माझं सगळ्यात मोठं आर्थिक नुकसान या एका वाक्याने केलं.

त्या कार्यालयाचं उत्तर मला अजून तोंडपाठ आहे: ‘आम्ही कायदेशीर सल्ला देत नाही, फक्त तुमची माहिती नमुन्यात भरतो.’ मग तपासणी कसली केली होती? फोन उचलणारी व्यक्ती दर वेळी नवी, दर वेळी सगळी कथा पहिल्यापासून. तक्रार पाठवली की आपोआप येणारं एक गोड उत्तर यायचं, ज्यात माझ्या प्रश्नाचा उल्लेखही नसायचा. चुकीबद्दल जाब विचारायला वकील निदान सापडतो, त्याच्यावर त्याच्या व्यवसायाचे नियम असतात. इथे धरायला कुणीच नव्हतं. चॅटबॉट थेट वापरला तरी तेच, जबाबदारी सही करणाऱ्याची.

म्हणून माझं ठाम मत, पटलं नाही तरी चालेल: तडजोडनाम्यातलं प्रत्येक कलम सही करण्याआधी ज्याला ते अमलात आणायचंय त्याला दाखवा. निवृत्तीनिधीवाले, बँक, मुलांची शाळा. ‘हे एवढ्या शब्दांवर तुम्ही काम कराल का?’ असं विचारा आणि उत्तर लेखी घ्या. अनेक देशांत निधी वाटायला स्वतंत्र आदेशच लागतो. अमेरिकेत खाजगी नोकरीतल्या बहुतेक निवृत्ती योजना अटी पूर्ण करणारा वेगळा आदेश असल्याशिवाय जोडीदाराला काही देत नाहीत. इंग्लंडमध्ये पेन्शन वाटपाच्या आदेशाला ठरावीक नमुन्याची जोडपत्रं लागतात. चॅटबॉट या गोष्टी विचारल्या तर सांगेल कदाचित. पण त्या विचारायच्या असतात हे माहीत नसलेल्या माणसाला त्याचा उपयोग नाही. चांगला वकील तुम्ही न विचारलेलं तुम्हाला विचारतो, त्याची फी त्यासाठी असते.

दुसरं, जुना कायदा. इंग्लंड-वेल्समध्ये ६ एप्रिल २०२२ पासून दोष सिद्ध न करता घटस्फोट मिळतो आणि आदेशांची नावंही बदलली. भारतात पोटगीच्या अर्जाचं जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम १२५ आता १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ आहे. हिंदू विवाह कायद्यात संमतीच्या घटस्फोटासाठी असलेल्या कलम १३-ब मधला सहा महिने थांबण्याचा काळ बंधनकारक नाही, कोर्ट तो माफ करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं. म्हणजे तो आपोआप माफ होतो असं नाही, आणि चॅटबॉटच्या उत्तरात नेमका हाच फरक पुसला जाऊ शकतो. शिवाय इंटरनेटवर अमेरिकन मजकूर भरपूर, त्यामुळे तिकडच्या कल्पना तुमच्या मसुद्यात न सांगता येऊ शकतात. तुमच्या कायद्यात नसलेला एखादा शब्द दिसला तर थांबा.

मुलांच्या बाबतीत ‘दोघांच्या सोयीनुसार भेट’ असलं कलम कृपा करून ठेवू नका. सोय संपते त्या दिवशी हे कलमही संपतं. वार, वेळ, सुट्ट्या, ने-आण कोण करणार, परदेशी जायचं तर संमती कशी, सगळं लिहा. आणि मुलांचा खर्च आपसांत ‘माफ’ करण्याचं वाक्य एआयने घातलं असेल तर ते काढा. तो हक्क मुलांचा असतो, पुष्कळ ठिकाणी कोर्ट असा करार मानत नाही.

विषय थोडा बाजूचा, पण सांगते. पगाराच्या पावत्या, खाते क्रमांक, मुलांची नावं, मारहाणीचा तपशील, यातलं काहीही चॅटमध्ये टाकू नका. वकिलाशी झालेल्या बोलण्याला जे कायदेशीर संरक्षण असतं तसं या गप्पांना नाही, हे चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयचे प्रमुख सॅम ऑल्टमन यांनीच जुलै २०२५ मध्ये बोलून दाखवलं. घरात मारहाण किंवा धाक असेल तर एआयचा मसुदाच नको, सरळ माणसाकडे जा. फी परवडत नसेल तर मोफत विधी सहाय्याची चौकशी करा. भारतात महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी ते मिळू शकतं.

एआय वापरूच नका असं मी म्हणत नाही. घटनाक्रम तारखेनुसार लावायला, मालमत्ता आणि देण्यांची यादी करायला, वकिलाला काय विचारायचं ते काढायला जरूर वापरा. त्यामुळे वकिलाचा वेळ वाचतो, म्हणजे तुमचा खर्चही. काही वकील फक्त तयार मसुदा तपासून देण्याची वेगळी, कमी फी घेतात. ते विचारून बघा.

तुमच्या मसुद्यात ‘गृहकर्ज यापुढे पती फेडतील’ असंही आहे. बँक या करारात नाही, तेव्हा तिच्यावर तो बंधनकारक नाही. हप्ता चुकला की बँक तुमच्याकडेही येणार. तुमचं नाव कर्जातून काढायला बँक तयार आहे का, कोणत्या अटींवर, हे पत्र सहीच्या आधी हातात हवं. बाकी सगळं नंतर, हे उद्याच विचारा.