वाचकांचे प्रश्न : घरच्या वाय-फायचं कुलूप

प्रश्न : वरचा मजला चार विद्यार्थ्यांना भाड्यानं दिला आहे. आमचं नेट रात्री नऊनंतर रडत चालतं. वाय-फायचा पासवर्ड माझा मोबाइल नंबर आहे. जोडणी करायला आलेल्या मुलानंच तो ठेवला. कुणी आमचं नेट वापरतंय का, हे कसं ओळखायचं?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : वाय-फायला जोडलेल्या मोबाइलच्या ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाका. पान उघडलं नाही तर राउटर उलटा करा. खालच्या स्टिकरवर नेमका पत्ता, युजरनेम आणि ॲडमिन पासवर्ड (वाय-फायचा नव्हे, राउटरच्या सेटिंग्ज उघडण्याचा) छापलेला असतो. आत 'कनेक्टेड डिव्हायसेस' नावाची यादी सापडेल. घरातले मोबाइल, टीव्ही, लॅपटॉप, कॅमेरे मोजा आणि यादीशी ताळा घ्या. एखादं नाव ओळखू येत नसेल तर घरातलं एकेक उपकरण बंद करून यादीतून काय गळतं ते बघा. अनोळखी नाव दिसलं म्हणून लगेच कुणावर संशय घेऊ नका. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून मोबाइल प्रत्येक वाय-फायला आपला खरा मॅक पत्ता (उपकरणाचा कायमचा ओळख क्रमांक) न देता बनावट पत्ता देतात. शिवाय काही राउटर तासाभरापूर्वी निघून गेलेलं उपकरणही यादीत ठेवतात.

यादीत काहीही निघो, तो पासवर्ड आजच बदला. तुमचा नंबर दूधवाल्यापासून भाडेकरूपर्यंत सगळ्यांकडे आहे. पण ज्याला तो ठाऊक नाही त्यालाही फार अवघड नाही. मोबाइल वाय-फायला जोडला जाताना राउटरशी चार संदेशांची देवाणघेवाण होते. जवळपास लॅपटॉप घेऊन बसलेला माणूस ती टिपू शकतो आणि मग घरी बसून निवांत अंदाज लावतो. तुमच्या राउटरला त्याचा पत्ताही लागत नाही. आपले मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ नेच सुरू होतात, म्हणजे सगळे मिळून ४०० कोटी शक्यता. चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला काही लाख अंदाज तपासतं. काही तासांचं काम!

वाय-फायचा पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा चालतो. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द रोमन लिपीत सलग लिहा, 'हळदपितळसतरंजीचिमणीकुदळ' या धर्तीवर. हा मात्र घेऊ नका, तो आता छापला गेला. गावाचं नाव आणि पुढे १२३, आडनाव आणि जन्मसाल, गणपती आणि पिनकोड हे सगळे तयार यादीतले पासवर्ड आहेत.

राउटरमध्ये वाय-फायचा पासवर्ड बदलता त्याच पानावर सुरक्षेचा प्रकार 'डब्ल्यूपीए२ एईएस' निवडा. 'डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३' असा मिश्र पर्याय असेल तर तो उत्तम. नुसता डब्ल्यूपीए३ ठेवला तर जुने मोबाइल आणि स्वस्तातले कॅमेरे जोडलेच जात नाहीत. 'डब्ल्यूईपी' हा जुना प्रकार तर २००१ मध्येच फोडला गेला, त्याला हात लावू नका. नेहमी होणारी चूक अशी, की राउटरच्या दोन वाय-फाय पट्ट्यांपैकी २.४ गिगाहर्ट्झचा पासवर्ड बदलतो आणि ५ गिगाहर्ट्झचा जुनाच राहतो. दोन्हीकडे बदला. सेव्ह करताच सगळी उपकरणं तुटतील, त्यामुळे हे काम मुलांच्या ऑनलाइन क्लासच्या वेळी काढू नका.

विद्यार्थ्यांना नेट द्यायचं ठरलं असेल तर राउटरमधलं 'गेस्ट नेटवर्क' चालू करा, त्याचा पासवर्ड वेगळा ठेवा आणि भाडेकरू बदलला की तो बदला. त्यांचे मोबाइल मग तुमच्या कॅमेऱ्यांपर्यंत, प्रिंटरपर्यंत पोहोचत नाहीत. मात्र त्यांनी केलेल्या वापराची चौकशी तुमच्याच दारात येईल, कारण जोडणी तुमच्या नावावर आहे. २००८ मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांआधी पाठवलेला ईमेल नवी मुंबईतल्या एका घराच्या असुरक्षित वाय-फायवरून गेला होता, आणि पोलीस आधी त्या घरीच पोहोचले होते.

पासवर्ड बदलूनही रात्री वेग पडत असेल तर चोर शोधू नका. आजूबाजूचे सगळे राउटर एकाच चॅनेलवर असतील. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ आणि ११ पैकी मोकळा चॅनेल घ्या, टीव्ही ५ गिगाहर्ट्झवर जोडा.

प्रश्न : दुकानदारानं वाय-फायचं नाव लपवून ठेवलंय आणि मॅक फिल्टर लावलाय. एवढं पुरेसं आहे ना?
– एक वाचक, गोडोली, सातारा

उत्तर : नाही, आणि दोन्ही काढून टाकलेलं बरं. मॅक फिल्टर ठरावीक मॅक पत्त्यांनाच आत घेतो, पण मॅक पत्ता हवेतून उघडाच जातो, त्याची नक्कल मिनिटभरात होते. उलट बनावट पत्त्यांमुळे घरचाच मोबाइल बाहेर राहतो. नाव लपवलं की तुमचा मोबाइल एसटी स्टँडवरही त्या नावाला हाका मारत बसू शकतो.

प्रश्न : राउटरवरचं डब्ल्यूपीएस बटण वापरावं का?
– एक वाचक, कराड

उत्तर : डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता बटण किंवा पिननं उपकरण जोडायची सोय, बंदच करा. बटणापेक्षा धोका त्यातल्या आठ अंकी पिनचा आहे. शेवटचा अंक नुसता पडताळणीचा, आणि राउटर पहिले चार अंक नि पुढचे तीन वेगवेगळे तपासतो. त्यामुळे १०,००० अधिक १,०००, एवढ्या ११,००० प्रयत्नांत पिन हाती लागतो. तुमचा पासवर्ड कितीही लांब असो. २०११ मध्ये हे उघड झालं. नवे राउटर काही चुकांनंतर पिन अडवतात, पण सगळेच नाही.

प्रश्न : ॲडमिन पासवर्ड विसरलो म्हणून टाचणीनं रीसेट केलं. वाय-फाय दिसतंय, इंटरनेट नाही.
– एक वाचक, मिरज

उत्तर : रीसेटचं छिद्र दहाएक सेकंद दाबलं की सगळंच पुसलं जातं. फायबरच्या डब्यात कंपनीनं भरलेलं पीपीपीओई (ऑपरेटरकडे लॉगिन करायचं) युजरनेम, पासवर्ड आणि त्यांच्या जाळ्यातला व्हीलॅन क्रमांकही त्यात जातात. ते तुमच्या ऑपरेटरकडूनच घ्यावे लागतील. 'एलओएस'चा (तारेतून सिग्नल येत नसल्याचं सांगणारा) दिवा लाल नसेल तर तार शाबूत आहे, तसं फोनवर सांगा. पुढच्या वेळी रीसेटआधी 'वॅन'च्या (इंटरनेट जोडणीच्या सेटिंग्जच्या) पानाचा फोटो काढून ठेवा.

ऑपरेटरचा तंत्रज्ञ जोडणी चालू करून गेल्यावर ॲडमिन पासवर्ड लगेच बदला, कारण तो आता कारखान्यातला आहे. २०१६ मध्ये 'मिराय' नावाच्या व्हायरसनं अशा साठेक ठरावीक युजरनेम-पासवर्डच्या जोड्या वापरून जगभरातले लाखो कॅमेरे, डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्रीकरण साठवणारे डबे) आणि राउटर ताब्यात घेतले होते. 'रिमोट मॅनेजमेंट', म्हणजे बाहेरून इंटरनेटवरून राउटरच्या सेटिंग्ज उघडायची सोय, बंद करा. 'टीआर-०६९' ही राउटर दुरून सांभाळायची सोय मात्र ऑपरेटरची असते, तिला हात लावू नका. आणि सीसीटीव्ही असेल तर 'पोर्ट फॉरवर्डिंग'चं (बाहेरच्या इंटरनेटवरून घरातल्या उपकरणापर्यंत थेट वाट देणारं) पान उघडून डीव्हीआरसाठी पूर्वी कुणी दार उघडून ठेवलं होतं का, ते त्याच बैठकीत तपासा.