उत्तर लिहून ठेवलंय, पण पोचत नाही

प्रश्न: आमचा पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकणाऱ्यांचा मोठा गट आहे. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून मी खपून एफएक्यू, म्हणजे नेहमीच्या प्रश्नांचा उत्तरांसकट संग्रह, तयार केला. तरी नवी मंडळी तेच विचारतात आणि जुनी मंडळी 'आधी एफएक्यू वाच' असं तोंडावर फेकतात. तो लोकांपर्यंत पोचवायचा कसा? आणि एकट्याने सांभाळायचा तरी कसा?

उत्तर: तुम्ही सोबत पाठवलेल्या यादीतला एकच प्रश्न घेते: 'म्यूटेबल डिफॉल्ट आर्ग्युमेंट म्हणजे काय?' खालचं उत्तर तुम्ही उत्तम लिहिलंय. पण ज्याचं घोडं इथे अडलंय त्याला हे शब्दच ठाऊक नाहीत. त्याने फंक्शनला डिफॉल्ट म्हणून रिकामी लिस्ट दिली. पहिल्या कॉलला तिच्यात १ टाकला, दुसऱ्या कॉलला २, आणि स्क्रीनवर आलं १, २. तो शोधणार, 'फंक्शनमध्ये आधीची लिस्ट तशीच का राहते?' मथळा हाच द्या. कारण त्याच्या खाली येऊ दे: डिफॉल्ट व्हॅल्यू फंक्शन डिफाइन होताना एकदाच तयार होते, दर कॉलला नव्याने नाही, म्हणून डिफॉल्ट 'नन' (None, म्हणजे 'काहीच नाही') द्यायचा आणि लिस्ट फंक्शनच्या आत तयार करायची. आधी चालणारा कोड, मग कारण. एरर येत असेल तर तिचा मजकूर जसाच्या तसा उत्तरात टाका, कारण लोक तोच कॉपी करून शोधतात.

पर्ल या दुसऱ्या प्रोग्रॅमिंग भाषेच्या मंडळींनी हे फार चांगलं केलंय. १९.९५ च्या जागी १९.९४९९९… का दिसतं, असाच त्यांच्याकडचा एक मथळा आहे. 'फ्लोटिंग पॉइंटची अचूकता' असला मथळा देऊन ते मोकळे झाले नाहीत. शिवाय त्यांचा एफएक्यू भाषेच्या डॉक्युमेंटेशनचाच भाग आहे, आणि ते डॉक्युमेंटेशन दाखवणाऱ्या 'पर्लडॉक' कमांडला 'क्यू' हा पर्याय देऊन एक शब्द टाकला की जुळणारे प्रश्न टर्मिनलवरच समोर येतात. प्रसार म्हणजे मला हेच वाटतं. माणूस जिथे अडतो तिथेच उत्तर हवं. तुमच्या गटात नव्या माणसाला पहिला निरोप जातो त्यात, सरावाच्या कोडमधल्या कॉमेंटमध्ये, इन्स्टॉल करण्याच्या सूचनांखाली त्या त्या प्रश्नाची थेट लिंक द्या. अख्ख्या एफएक्यूची नको.

'आधी वाच' हे मात्र आजपासून बंद करा. याबाबत मी हट्टी आहे. दोन ओळींत उत्तर द्यायचं आणि खाली लिंक जोडायची. विचारणाऱ्याचं काम होतं, आणि पुढच्या वेळी तो स्वतःहून तिकडे जातो. लिंक वाचूनही त्याला कळलं नाही, तर दुरुस्ती उत्तरात करायची.

प्रश्नांना क्रमांक द्या आणि ते कधीही बदलू नका. स्टीव्ह समिट यांनी १९९० मध्ये युजनेट या जुन्या ऑनलाइन चर्चागटांच्या जाळ्यावर सी भाषेचा एफएक्यू सुरू केला. त्यातला ३.१ हा प्रश्न एकाच विधानात 'आय' वाढवायचा आणि तोच ॲरेचा इंडेक्स म्हणूनही वापरायचा, या घोळाबद्दल आहे. क्रमांक पक्का असला की नुसता ३.१ म्हटलं तरी भागतं. प्रश्न कालबाह्य झाला तर तो काढा, पण त्याचा क्रमांक दुसऱ्याला देऊ नका.

आता सांभाळण्याचं. उत्तरांमधले कोडचे तुकडे वेगळ्या फायलींत ठेवा आणि पायथनची नवी आवृत्ती आली की सगळे एकदम चालवून बघा. पायथन २ चा अधिकृत सपोर्ट १ जानेवारी २०२० ला संपला, आणि पायथन ३ मध्ये 'प्रिंट'ला कंस लागतो. कंसाशिवायचं 'प्रिंट' कुठे उरलं असेल तर नवशिका पहिल्याच ओळीला अडकेल. प्रत्येक उत्तराखाली कोणत्या आवृत्तीवर तपासलं ते लिहा.

मदतनीस शोधायला लांब जाऊ नका. काल ज्याची अडचण सुटली, त्यालाच तो मथळा त्याच्या शब्दांत लिहायला सांगा. सहा महिन्यांनी त्याला ते शब्द आठवणार नाहीत. एडिटचे हक्क तुमच्याशिवाय आणखी दोघांकडे तरी असू द्यात.