सीपॅप लावलं आणि झोपच उडाली: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

स्लीप ॲप्नियाबद्दल, म्हणजे झोपेत घसा मिटून श्वास अडकण्याच्या आजाराबद्दल, काहीही लिहिलं की सीपॅपबद्दल, म्हणजे झोपताना मास्कमधून दाबाने हवा देणाऱ्या मशीनबद्दल, एकाच छापाची पत्रं यायला लागतात. ‘मशीन आणलं, चार रात्री लावलं, सहन झालं नाही, आता माळ्यावर आहे.’ माळ्यावर ठेवलेलं मशीन कोणाचाही घसा उघडा ठेवत नाही. सुरुवातीच्या बहुतेक त्रासांना कारण असतं आणि उपायही असतो, पण तो विचारायला माणूस डॉक्टरकडे जात नाही, शेजाऱ्याकडे जातो. म्हणून यावेळी फक्त या त्रासांबद्दलचेच प्रश्न घेतले आहेत.

मी ५२ वर्षांचा आहे. सीपॅप लावल्यावर पहिल्याच रात्री गुदमरल्यासारखं झालं. श्वास आत येतो, पण बाहेर सोडताना कोणीतरी तोंडावर हात धरल्यासारखं वाटतं. मशीन खराब असेल का? (नाशिक)

मशीन ठीक असावं. सीपॅप सतत दाबाने हवा सोडतं, म्हणूनच झोपेत घसा मिटत नाही. जागेपणी त्या हवेच्या उलट श्वास सोडणं विचित्र वाटणारच. यावर मशीनमध्ये दोन सोयी असतात. एक रॅम्प: दाब कमीवर सुरू होतो आणि तुम्ही झोपेपर्यंत हळूहळू वाढतो. दुसरी, श्वास सोडताना दाब थोडा उतरवण्याची. ती बहुतेक नव्या मशीनमध्ये असते, पण अनेकदा बंदच ठेवलेली असते.

उलटही घडतं. रॅम्प ४ वर, म्हणजे अगदी कमी दाबावर, सुरू होतो आणि धिप्पाड माणसाला तेवढी हवा पुरत नाही. ‘दाब जास्त आहे’ अशी त्याची तक्रार असते, प्रत्यक्षात सुरुवातीचा दाब कमी पडत असतो. तुमचं यातलं नेमकं काय आहे, ते मशीनमधली नोंद पाहूनच कळेल. मशीन किंवा त्यातलं कार्ड घेऊन डॉक्टरांकडे जा. पडद्यावरची बटणं स्वतः दाबत बसू नका.

ह्युमिडिफायरमध्ये आरओचं पाणी चालेल का? बॅटरीत घालायचं पाणी स्वस्त मिळतं, ते? (लातूर)

ह्युमिडिफायर म्हणजे हवेला ओलावा देणारी मशीनची टाकी. तिच्यात डिस्टिल्ड पाणीच घाला. बॅटरीचं पाणी बॅटरीसाठी असतं. उरलेलं पाणी रोज सकाळी ओतून टाकी कोरडी करा.

मशीन लावल्यापासून नाक चोंदतं, सकाळी शिंका येतात, घसा कोरडा पडतो. आईने झोपताना नाकात साजूक तूप सोडायला सांगितलं. सोडू का? (सांगली)

नको. आईंचा मान ठेवून सांगतो, मशीनच्या दाबासमोर नाकात तूप, तेल, व्हॅसलिन यातलं काहीही नको. तेलकट पदार्थ झोपेत श्वासाबरोबर खाली फुफ्फुसात उतरू शकतो, आणि त्याने होणारा न्यूमोनिया साध्या अँटिबायोटिकला दाद देत नाही. शिवाय मास्कच्या कडेचं सिलिकॉन तेलाने लवकर खराब होतं.

नाक चिडतं ते कोरड्या, गार हवेच्या सततच्या झोतामुळे. ह्युमिडिफायर एक पायरी वाढवा. झोपण्यापूर्वी साध्या सलाइनच्या पाण्याचा फवारा मारा. नाक मोकळं करणारे थेंब औषधाच्या दुकानात सहज मिळतात, पण ते तीन-चार दिवसांच्या वर वापरले तर नाक उलट जास्त बंद होतं आणि त्यांची सवय लागते. दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. नाकाचं हाड वाकडं असेल किंवा ॲलर्जी असेल, तर त्यावर वेगळे उपचार आहेत.

झोपेत तोंड उघडं राहतं आणि सकाळी जीभ लाकडासारखी होते. मोबाइलवर व्हिडिओ पाहिला, तोंडाला चिकटपट्टी लावायची. करून पाहू? (छत्रपती संभाजीनगर)

नाही. तुम्ही फक्त नाकाचा मास्क वापरत असाल तर हवा तोंडावाटे निसटते आहे. हनुवटीचा पट्टा लावायचा, मास्क बदलायचा की आधी नाक मोकळं करायचं, हे तपासून ठरेल.

वडील ६८ वर्षांचे आहेत. मास्कच्या वरच्या कडेने हवा डोळ्यांत जाते, डोळे लाल होतात. पट्टे आवळले तर नाकाच्या हाडावर जखम होते. मशीन देणारे म्हणाले, ‘सगळे हाच मास्क वापरतात, अजून आवळा.’ नंतर त्यांनी फोनवरून बटणं दाबायला सांगून दाबही वाढवून दिला. आता जास्तच हवा निसटते. (ठाणे)

हा प्रश्न मला रोज ऐकावा लागतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१९८१ साली सिडनीत डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी हा उपचार पहिल्यांदा जगासमोर मांडला. त्या काळी मास्क एकेका रुग्णाच्या नाकाच्या मापाने बनवून रोज रात्री चिकटवावा लागे. आज तीन प्रकारांत आणि अनेक मापांत तयार मास्क मिळतात: नाकपुड्यांत बसणारे, नाक झाकणारे, नाक-तोंड दोन्ही झाकणारे. आणि आमच्याकडे काय होतं? डीलरच्या गोदामात जो खोका वर असतो तो रुग्णाच्या घरी पोचतो. बहुधा नाक-तोंड झाकणारा, मध्यम मापाचा. माप घेण्याची प्लॅस्टिकची पट्टी कंपनी देते, ती खोक्यातच राहते. चप्पल घेताना माणूस चार जोड घालून दुकानभर फिरतो, आणि रात्रभर तोंडावर राहणारी वस्तू मात्र न घालता विकत घेतो!

मास्क आवळून बसत नाही, हे आधी लक्षात घ्या. त्याच्या कडेची सिलिकॉनची पातळ झालर हवेने फुगते आणि त्वचेला टेकते. पट्टा आवळला की झालर चुरगळते, तिला घड्या पडतात आणि त्या घड्यांतून हवा निसटते. ती थांबवायला माणूस आणखी आवळतो आणि नाकावर जखम होते. मास्क आडवं पडून, मशीन चालू ठेवून बसवायचा. बसून बसवलेला मास्क झोपल्यावर सरकतो, कारण गालांचा आकार बदलतो. मास्क उचलून पुन्हा हलकेच टेकवा, म्हणजे झालर सुटी होते. मग पट्टा जेमतेम लावा, त्याखाली बोट सहज सरकायला हवं. वडिलांना दाढी असेल किंवा रात्री कवळी काढून ठेवत असतील तर तेही सांगा, माप बदलतं. चेहऱ्याला आणि झालरीला तेल किंवा क्रीम नको. झालर रोज पुसा.

आता दाब. दाब हा औषधाचा डोस आहे. तो स्लीप स्टडीवरून, म्हणजे झोपेतल्या तपासणीवरून, ठरतो: एका रात्रीत श्वास ताशी किती वेळा अडकला, कोणत्या कुशीवर, किती दाबाला अडकायचा थांबला. विक्रेत्याने फोनवरून डोस बदलणं हे मेडिकलवाल्याने रक्तदाबाची गोळी दुप्पट करून देण्यासारखंच झालं. दाब वाढला की गळती वाढते, गळती वाढली की मशीनची नोंदही भरवशाची राहत नाही, आणि डॉक्टरला खरं चित्र दिसेनासं होतं. मुळात स्लीप स्टडी झालीच नसेल आणि ‘घोरता ना, मग घ्या’ म्हणून मशीन गळ्यात मारलं असेल, तर आधी स्टडी करा. अशी मशीनं विकली जातात आणि घेणारे सुशिक्षित असतात, याचा मला जास्त राग येतो.

जखम भरेपर्यंत नाकाच्या हाडाला न टेकणारा मास्क मागा. घेण्यापूर्वी घालून पाहू देत नसतील तर दुसऱ्याकडे जा. वडिलांना या आठवड्यात डॉक्टरांकडे न्या, आणि दाब मूळ आकड्यावर आणायला त्यांनाच सांगा.

माझ्या मास्कला पुढे बारीक छिद्रं आहेत, त्यांतून गार वारा बायकोच्या अंगावर जातो. मी त्यावर टेप लावली, आता शांतता आहे. (कल्याण)

टेप आत्ता काढा, उत्तर नंतर वाचा.

त्या छिद्रांतून तुम्ही सोडलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो. ती बंद केलीत तर तीच हवा पुन्हा आत घ्याल. ते हवा गळणं नव्हे, मास्कचीच रचना तशी आहे. वारा लागत असेल तर कूस बदला किंवा मधे उशी ठेवा. छिद्रंच नसलेले मास्कही असतात. ते रुग्णालयातल्या वेगळ्या यंत्रांसाठी असतात, घरच्या सीपॅपला कधीच लावायचे नाहीत. स्वस्तात ऑनलाइन मागवताना ही चूक होते.

सकाळी पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं असतं, ढेकर थांबत नाहीत. (नागपूर)

हवा अन्ननलिकेत जाते आहे. रात्रीचं जेवण झोपण्यापूर्वी तीन तास उरका, डाव्या कुशीवर झोपा, पलंगाची डोक्याकडची बाजू थोडी उंच करा. ॲसिडिटी असेल तर तिचे उपचार घ्या. दाब जास्त असण्याचीही शक्यता असते, ते डॉक्टर नोंदीवरून पाहतील. पोटात तीव्र दुखत असेल किंवा उलट्या होत असतील तर थांबू नका, लगेच दाखवा.

नळीत पाणी साचून गुरगुर होते, कधी थेंब नाकावर येतो. (पुणे)

एसी कमी करा, नळीला कापडी खोळ घाला आणि मशीन पलंगाच्या उंचीच्या खाली ठेवा. तरीही होत असेल तर गरम होणारी नळी घ्या.

मास्क तोंडावर आला की छाती धडधडते, ओढून काढावासा वाटतो. ओळखीच्यांनी अर्धी झोपेची गोळी घ्यायला सांगितलं. (कोल्हापूर)

ओळखीच्यांची गोळी घेऊ नका. झोपेच्या काही गोळ्यांनी घशाचे स्नायू आणखी सैल पडतात, म्हणजे ज्या आजारासाठी मशीन लावलं तोच वाढतो. दारूचंही तसंच.

भीती जाते, पण रात्री अंधारात झगडून नाही. संध्याकाळी टीव्हीसमोर बसून नुसता मास्क हाताने तोंडावर धरा, नळी न जोडता. ते जमलं की पट्टे लावा. मग मशीन चालू करून तसंच बसा. मग दुपारी आडवं पडून. प्रत्येक पायरीला दोन-तीन दिवस घ्या, कंटाळा येईल इतके. नाकपुड्यांत बसणारा लहान मास्क अशा लोकांना बरा वाटतो. एवढं करूनही धडधड राहिली तर डॉक्टरांना सांगा. हृदयही तपासायला हवं आणि गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञांची मदतही घ्यायला हवी. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

करोनाच्या काळात घेतलेला ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर घरात आहे. सीपॅपऐवजी तोच लावला तर? नाहीतर एकजण जुनं मशीन निम्म्या किमतीत देतो आहे, ओझोनने स्वच्छ करून. (सोलापूर)

पहिल्याचं उत्तर नाही. तुमचा घसा मिटतो, तो ऑक्सिजनने उघडत नाही. फक्त रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा बरा दिसतो आणि आजार आत तसाच राहतो.

दुसऱ्याचंही नाहीच. आवाज कमी करण्यासाठी आत बसवलेल्या फोमचे कण सुटतात, म्हणून फिलिप्सने जून २०२१ मध्ये आपली बरीच सीपॅप आणि बायपॅप (श्वास घेताना आणि सोडताना वेगवेगळा दाब देणारी) मशीनं परत मागवली. तुम्हाला मिळणारं जुनं मशीन त्यांतलंच असू शकतं, आणि ओझोनने तो फोम आणखी लवकर झिजतो. आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२० मध्येच सांगितलं होतं की सीपॅप स्वच्छ करण्यासाठी ओझोनच्या एकाही यंत्राला तोपर्यंत त्यांची मान्यता नव्हती. मास्क आणि नळीला सौम्य साबण आणि कोमट पाणी पुरतं.

मुलाकडे न्यू जर्सीला सहा महिने चाललो आहोत. विमानात मशीन कुठे ठेवायचं? (मुंबई)

हातातल्या सामानात, चेक-इन केलेल्या सामानात कधीच नाही. टाकी रिकामी करा, डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवा. बहुतेक मशीनं १०० ते २४० व्होल्टवर चालतात, अडॅप्टरवर छापलेलं वाचून घ्या. तसं असेल तर फक्त पिन बदलावी लागेल. निघण्यापूर्वी एकदा नोंद तपासून घ्या, आणि मास्कची एक जादा झालर न्यायला विसरू नका.